इंग्रजीतून वेळ विचारणे व सांगणे : अध्यापनाची दिशा

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतून इ. स. २००० पासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जात आहे. या विषयातील घड्याळाचा पाठ बहुधा दोन-तीन तासिकांत उरकला जातो. फळ्यावर वर्तुळ काढावयाचे, त्यात बारा अंक मांडावयाचे, ‘इट इज फाइव्ह ओक्लॉक’ हे वाक्य वर्गाकडून चार वेळा म्हणवून घ्यावयाचे आणि पुढील पाठाकडे वळावयाचे, असा प्रघात अनेक ठिकाणी दिसतो. परिणामी, ज्या मुलास हे वाक्य मुखोद्गत असते तेच मूल भिंतीवरील घड्याळात पावणेपाच वाजले असता निरुत्तर होते.

हा दोष मुलाचा नव्हे. या लहानशा पाठात वस्तुतः तीन वेगवेगळी कामे एकत्र आलेली असतात. काट्यांवरून वेळ ओळखणे हे पहिले काम. ती वेळ मराठीत नेमकी सांगणे हे दुसरे. आणि ती इंग्रजी रचनेत मांडणे हे तिसरे. पहिली दोन कामे कच्ची असता तिसऱ्याची अपेक्षा करणे म्हणजे पाया न भरता भिंत उभारण्यासारखे आहे. म्हणून इंग्रजीचा पाठ घेण्यापूर्वी एक तासिका केवळ मराठीतून घड्याळ वाचण्यासाठी राखून ठेवावी. हातात मोबाइल असलेल्या घरांतील मुलांना अंकांत लिहिलेली वेळ वाचता येते, परंतु काट्यांचे घड्याळ वाचता येत नाही, असा अनुभव पुष्कळ शिक्षकांना येतो. त्यामुळे ही पूर्वतयारी अधिकच आवश्यक झाली आहे.

१. मुलाजवळचे भांडवल

वेळ सांगण्याची इंग्रजी पद्धत मराठी मुलास सर्वस्वी परकी नाही, ही गोष्ट शिक्षकाने प्रथम ध्यानी घ्यावी. आपल्या भाषेत पाव, अर्धा व पाऊण यांना स्वतंत्र स्थान आहे. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी व अडीचकी पाठ करून घेत असत, ती याच मापांची कोष्टके होत. सव्वा म्हणजे सपाद, पावासह. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासह. आणि पावणे म्हणजे पादोन, पावाने उणे. इंग्रजीतील ‘क्वार्टर’ या शब्दाचा अर्थही चतुर्थांश, म्हणजे आपला पावच आहे. तेव्हा ‘क्वार्टर पास्ट फोर’ म्हणजे चारावर पाव, अर्थात् सव्वाचार. ‘हाफ पास्ट फोर’ म्हणजे चारावर अर्धा, अर्थात् साडेचार. आणि ‘क्वार्टर टू फाइव्ह’ म्हणजे पाचाला पाव कमी, अर्थात् पावणेपाच. तिन्ही ठिकाणी दोन्ही भाषांचा हिशेब एकच आहे. पावणेपाच म्हणताना मराठी माणूस जसा येणाऱ्या तासाचे नाव घेतो, तसाच इंग्रजी बोलणाराही घेतो. हे साम्य वर्गात स्पष्ट करून दाखविले म्हणजे नव्या रचनेविषयीचे अर्धे भय नाहीसे होते.

आणखी एक साम्य मनोरंजक आहे. आपण ‘किती वाजले?’ असे विचारतो, कारण वेळ ही पूर्वी घंटेच्या किंवा घडीच्या टोल्यावरून कळत असे. इंग्रजीतील ‘क्लॉक’ हा शब्दही मुळात घंटा या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. ‘ओक्लॉक’ हे ‘ऑफ द क्लॉक’ या शब्दसमूहाचे संक्षिप्त रूप होय. हे कळले म्हणजे ‘ओक्लॉक’ हा निरर्थक ध्वनी न राहता मुलाच्या मनात अर्थासह रुजतो.

२. भेद कोठे आहेत

साम्यावर पाठ उभारावा हे खरे, परंतु भेद आधीच ओळखून न ठेवल्यास मुले चुकतात. मुख्य भेद पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला भेद क्रियापदाचा. मराठीत ‘पाच वाजले’ हे भूतकाळी रूप आहे. इंग्रजीत ‘इट इज’ हे वर्तमानकाळी. मराठी वाक्याचे शब्दशः रूपांतर करणारे मूल ‘फाइव्ह ओक्लॉक बिकेम’ किंवा ‘इट वॉज फाइव्ह’ असे म्हणते. शिवाय मराठीत एक वाजला, परंतु दोन वाजले, असा वचनभेद होतो. इंग्रजीत एक असो वा बारा, ‘इट इज’ हेच कायम राहते. येथे इंग्रजी सोपी आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

दुसरा भेद क्रमाचा. ‘पाच वाजून दहा मिनिटे’ यात तास आधी व मिनिटे नंतर येतात; ‘टेन पास्ट फाइव्ह’ यात मिनिटे आधी व तास नंतर. मुलांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. ‘आधी मिनिट, मग तास’ हे सूत्र फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर लिहून ठेवावे.

तिसरा भेद खास नावांचा. मराठीत चार वेळा नियमाबाहेर आहेत : पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच. पाऊण वाजला म्हणजे बारा वाजून पंचेचाळीस मिनिटे झाली. त्याला इंग्रजीत ‘क्वार्टर टू वन’ म्हणतात. सव्वा वाजला म्हणजे ‘क्वार्टर पास्ट वन’, दीड म्हणजे ‘हाफ पास्ट वन’ आणि अडीच म्हणजे ‘हाफ पास्ट टू’. दीड हा शब्द ‘दुसरा अर्धा’ या अर्थाच्या संस्कृत शब्दापासून आणि अडीच हा ‘तिसरा अर्धा’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. म्हणजे या दोन शब्दांत आपली भाषा येणाऱ्या तासाकडे पाहते, तर इंग्रजी होऊन गेलेल्या तासाकडे. ‘अडीच’ ऐकून ‘हाफ पास्ट थ्री’ म्हणणारे मूल निर्बुद्ध नसते. त्याच्या मनात तिसऱ्या अर्ध्याचा हिशेब चालू असतो. या चार शब्दांचा सराव स्वतंत्रपणे घ्यावा.

चौथा भेद शब्दार्थाचा. मराठीत ‘घड्याळ’ हा एकच शब्द भिंतीवरच्या व मनगटावरच्या दोहोंसाठी चालतो. इंग्रजीत भिंतीवरचे ते ‘क्लॉक’ आणि मनगटावरचे ते ‘वॉच’. तसेच ‘तास’ या शब्दाने आपण साठ मिनिटांचा काळही दर्शवितो आणि शाळेतील तासिकाही. इंग्रजीत पहिल्यास ‘अवर’ व दुसऱ्यास ‘पीरियड’ म्हणतात. ‘पहिला तास इंग्रजीचा आहे’ याचे भाषांतर करताना मुले ‘फर्स्ट अवर’ लिहितात, ते यामुळेच. ‘अवर’ या शब्दातील आरंभीचे व्यंजन लिहिले जाते पण उच्चारले जात नाही, हेही येथेच सांगून टाकावे.

३. पुठ्ठ्याचे घड्याळ व त्यातील दोष

बहुतेक शाळांत पुठ्ठ्याचे घड्याळ असते किंवा शिक्षक ते सहज तयार करू शकतात. परंतु त्याच्या वापरात एक दोष वारंवार आढळतो. साडेचार दाखविताना शिक्षक मिनिटकाटा सहावर आणतात आणि तासकाटा मात्र नेमका चारवरच ठेवतात. खऱ्या घड्याळात असे कधीच घडत नाही. मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश फिरतो, तर तासकाटा अर्धा अंश. म्हणजे अर्ध्या तासात तासकाटा पंधरा अंश सरकून चार व पाच यांच्या बरोबर मध्यावर येतो. पाऊण तासात तो पाचाच्या अगदी जवळ पोहोचतो.

ही बाब किरकोळ नाही. खऱ्या घड्याळात पावणेपाच वाजले असता तासकाटा पाचाजवळ दिसतो, म्हणून मुले ती वेळ ‘पाच वाजून पंचेचाळीस’ अशी वाचतात. याउलट मोबाइलवर ४.४५ असे अंक दिसतात, म्हणून त्यांची सवय असलेले मूल ‘क्वार्टर टू फोर’ म्हणते. दोन्ही चुका उलट दिशेच्या आहेत, पण मूळ एकच : तासकाटा कोठून कोठे चालला आहे याचे भान नसणे. पुठ्ठ्याच्या घड्याळात दोन्ही काटे एकदम व योग्य प्रमाणात फिरवून दाखविले आणि ‘काटा कोणत्या घराकडे निघाला आहे?’ असा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला, तर ‘पास्ट’ म्हणजे मागे टाकलेले घर व ‘टू’ म्हणजे पुढे येणारे घर ही कल्पना मुलांना डोळ्यांनी दिसते. घड्याळाच्या उजव्या अर्धवर्तुळास ‘पास्ट’ व डाव्या अर्धवर्तुळास ‘टू’ असे रंगीत खडूने लिहिल्यास उत्तम.

४. पाठाचा क्रम

सर्व वेळा एकदम शिकवू नयेत. पुढील क्रम सोयीचा ठरतो.

पहिली पायरी पूर्ण तासांची : ‘इट इज सेव्हन ओक्लॉक’. ‘ओक्लॉक’ हा शब्द केवळ पूर्ण तासांनाच लागतो. ‘हाफ पास्ट फोर ओक्लॉक’ असे होत नाही, हे याच पायरीवर बिंबवावे. उच्चारात जोर ‘क्लॉक’ वर येतो.

दुसरी पायरी अर्ध्या तासांची. ‘हाफ पास्ट’ या शब्दांपूर्वी उपपद येत नाही.

तिसरी पायरी ‘क्वार्टर पास्ट’ ची आणि, ती पक्की झाल्यावरच, चौथी ‘क्वार्टर टू’ ची. येथे ‘अ क्वार्टर पास्ट’ व ‘क्वार्टर पास्ट’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. मुलांसाठी एकच निवडावे व तेच वापरावे.

पाचवी पायरी पाच, दहा, वीस व पंचवीस मिनिटांची : ‘ट्वेंटी पास्ट सिक्स’, ‘टेन टू सेव्हन’. या संख्यांनंतर ‘मिनिट्स’ हा शब्द गाळता येतो. परंतु तीन, सात, अठरा अशा अन्य संख्या असतील तर तो गाळून चालत नाही. ‘थ्री मिनिट्स पास्ट फोर’ असेच म्हणावे लागते.

‘टू’ या शब्दाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. दोन ही संख्या आणि ‘कमी’ दर्शविणारे शब्दयोगी पद यांचे उच्चार कानाला सारखेच वाटतात. ‘टेन टू टू’ ऐकताच नवे मूल बावरते. म्हणून चौथ्या व पाचव्या पायरीवरील पहिल्या उदाहरणांत दोनचा आकडा येऊ देऊ नये; पाच, आठ, अकरा असे तास घ्यावेत. सराव पक्का झाल्यावर मात्र ‘टेन टू टू’ हेच वाक्य गंमत म्हणून द्यावे. मुले ते आवडीने म्हणतात.

अंक सरळ वाचण्याची पद्धत, म्हणजे ४.४५ ला ‘फोर फॉर्टीफाइव्ह’ म्हणणे, हीसुद्धा शुद्ध व प्रचलित आहे. ती सोपी असल्याने तीच आधी शिकवावी असे काहींचे मत असते. परंतु केवळ तीच शिकविल्यास समोरच्याने ‘क्वार्टर टू फाइव्ह’ म्हटलेले मुलास समजत नाही. म्हणून ती शेवटी, सहावी पायरी म्हणून द्यावी. तीत ‘फिफ्टीन’ व ‘फिफ्टी’, ‘थर्टीन’ व ‘थर्टी’ यांतील आघाताचा फरक कानाला ऐकवावा. ‘फिफ्टी’ मध्ये आघात पहिल्या अवयवावर असतो, तर ‘फिफ्टीन’ मधील शेवटचा अवयव दीर्घ व ठळक उच्चारला जातो. हा फरक न कळल्यास पस्तीस मिनिटांची चूक होते.

५. विचारण्यास शिकविणे

वर्गात प्रश्न शिक्षक विचारतात आणि मुले उत्तरे देतात. त्यामुळे मुलांना उत्तर येते, प्रश्न येत नाही. व्यवहारात मात्र उलट घडते. ज्याच्याजवळ घड्याळ नाही त्यालाच वेळ विचारावी लागते, आणि परगावी, परप्रांतात गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यास प्रथम गरज पडेल ती प्रश्नाचीच. म्हणून या पाठात प्रश्नास उत्तराइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व द्यावे.

‘व्हॉट टाइम इज इट?’ व ‘व्हॉट इज द टाइम?’ हे दोन प्रश्न आरंभास पुरेसे आहेत. ‘किती’ या शब्दामुळे मुले ‘हाऊ मेनी’ असा आरंभ करतात. ती चूक पहिल्याच दिवशी सुधारावी. सौजन्याचा भागही येथेच शिकवावा. मराठीत मूल ‘काका, किती वाजले हो?’ असे विचारते, तेव्हा ‘काका’ हे संबोधन व शेवटचा ‘हो’ यांतून आदर व्यक्त होतो. इंग्रजीत ‘तू’ व ‘तुम्ही’ असा भेद नाही. तेथे तो आदर ‘एक्सक्यूज मी’, ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ या शब्दांनी दाखवावा लागतो. ही केवळ शोभा नव्हे. ते शब्द गाळल्यास मनात उद्धटपणा नसतानाही मुलाचा प्रश्न उद्धट वाटतो.

वरच्या इयत्तांत ‘कुड यू टेल मी द टाइम, प्लीज?’ हा प्रश्न द्यावा. ‘तुमच्या घड्याळात किती वाजले?’ याचे रूप ‘व्हॉट इज द टाइम बाय युअर वॉच?’ असे होते. येथे ‘इन’ न येता ‘बाय’ येते. घड्याळ पुढे असल्यास ‘फास्ट’ व मागे असल्यास ‘स्लो’ हे शब्द वापरतात. ‘हॅव्ह यू गॉट द टाइम?’ म्हणजे किती वाजले ते सांगता का, आणि ‘हॅव्ह यू गॉट टाइम?’ म्हणजे तुम्हांस सवड आहे का. एका लहानशा उपपदाने अर्थ कसा बदलतो, हे दाखविण्यास याहून सुटसुटीत उदाहरण क्वचितच सापडेल.

‘वाजले’ आणि ‘वाजता’ यांतील भेदही प्रश्नांतूनच स्पष्ट होतो. ‘शाळा किती वाजता भरते?’ याच्या उत्तरात ‘ॲट’ हवे : ‘ॲट हाफ पास्ट टेन’. ‘वाजता’ आले की ‘ॲट’ आठवावे, ही खूण मुलांना पुरते.

६. दिवसाचे भाग व मध्यरात्रीचा प्रश्न

सकाळ, दुपार व सायंकाळ यांसाठी ‘इन द मॉर्निंग’, ‘इन द आफ्टरनून’, ‘इन द ईव्हनिंग’ असे शब्द आहेत; रात्रीसाठी मात्र ‘ॲट नाइट’. मराठीत आपण ‘रात्री दोन वाजता’ व ‘पहाटे चार वाजता’ असे म्हणतो. इंग्रजीत मध्यरात्रीनंतरच्या या दोन्ही वेळांना ‘इन द मॉर्निंग’ लावण्याची रीत आहे. ‘ए. एम.’ व ‘पी. एम.’ ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे असून त्यांचे अर्थ माध्यान्हापूर्वी व माध्यान्हानंतर असे आहेत. ‘ओक्लॉक’ बरोबर ती सामान्यतः जोडत नाहीत. ‘गुड ईव्हनिंग’ हे भेटताना म्हणतात, तर ‘गुड नाइट’ निरोप घेताना, हेही ओघाने सांगावे.

रेल्वेच्या वेळापत्रकात चोवीस तासांची पद्धत असते. १७.४० मधून बारा वजा केले की ५.४०, म्हणजे ‘ट्वेंटी टू सिक्स’. येथे एक व्यावहारिक धोका मुलांना अवश्य समजावून द्यावा. तारीख मध्यरात्री बदलते. १५ तारखेच्या तिकिटावर गाडीची वेळ ००.१० अशी असेल, तर ती गाडी १४ तारखेच्या रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी सुटते. आपल्या बोलण्यात पहाटेपर्यंतचा काळ आदल्या दिवसाचीच रात्र मानला जातो. म्हणून १५ तारखेस रात्री जेवूनखाऊन स्थानकावर जाणारा प्रवासी पुरा एक दिवस उशिरा पोहोचतो. परीक्षेस किंवा नोकरीच्या मुलाखतीस निघालेल्या उमेदवाराचे अशा चुकीने होणारे नुकसान भरून येणारे नसते. फळ्यावर एक काल्पनिक तिकीट लिहून ‘घरून कोणत्या तारखेस निघाल?’ असा प्रश्न विचारावा. पाठाचा उपयोग मुलांस तात्काळ पटतो.

पूरक माहिती म्हणून एवढे सांगता येईल की, सर्व देशाची घड्याळे पूर्वी एका वेळेने चालत नसत. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. ती ८२ अंश ३० कला पूर्व रेखावृत्तावर आधारलेली असून ग्रिनिचच्या वेळेपुढे साडेपाच तास आहे. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यामागे ३९ मिनिटे होती आणि त्या शहरात ती पुढेही बरीच वर्षे व्यवहारात राहिली. ‘कोणत्या घड्याळाप्रमाणे?’ हा प्रश्न तेव्हा खरोखरीच विचारावा लागे.

७. सराव व कसोटी

या पाठाचा सराव पुस्तकातील चित्रांपेक्षा शाळेच्या दैनंदिन व्यवहारातून अधिक चांगला होतो. घंटा देणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक घंटेनंतर वर्गाच्या दाराशी येऊन वेळ इंग्रजीतून सांगावी. त्यापूर्वी वर्गातील एका मुलाने त्यास प्रश्न विचारावा. दिवसाकाठी अशा सहा-सात संधी विनासायास मिळतात आणि एकही तासिका खर्च होत नाही. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत, जेथे दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात, तेथे वरच्या इयत्तेतील मुलाने खालच्या इयत्तेतील मुलास पुठ्ठ्याचे घड्याळ दाखवून विचारावे.

मैदानावर चुन्याने मोठे वर्तुळ आखून बारा मुलांना अंकांच्या जागी उभे करावे आणि एक उंच व एक ठेंगणा विद्यार्थी काटे व्हावेत. गृहपाठासाठी गावातील वेळा घ्याव्यात : दूध संकलन केंद्रावर दूध घालण्याची वेळ, नळाला पाणी येण्याची वेळ, मुक्कामाची एस. टी. येण्याची व सुटण्याची वेळ, शेतपंपाची वीज येण्याची वेळ. मुलाने घरी विचारून या वेळा मराठीत टिपून आणाव्यात व वर्गात इंग्रजीत सांगाव्यात. ज्या वेळेशी घरच्या माणसांची धावपळ निगडित आहे, ती वेळ मुलाच्या ध्यानात सहज राहते.

कसोटी घेताना ‘रिकाम्या जागा भरा’ यावर विसंबू नये. प्रत्येक मुलाने एक प्रश्न विचारावा, एक वेळ काट्यांवरून सांगावी आणि ऐकलेली एक वेळ घड्याळात लावून दाखवावी. या तीन गोष्टी जमल्या तर पाठ साधला असे समजावे. एखादे मूल अडखळल्यास ते काट्यांत अडले, मराठीत अडले की इंग्रजीत, हे शिक्षकाने आधी पाहावे आणि तेवढ्याच पायरीवर परत न्यावे.

स्वतःचे इंग्रजी उच्चार निर्दोष नाहीत या संकोचाने काही शिक्षक हा तोंडी सराव टाळतात व लेखी कामावर भर देतात. तसे करू नये. वर दिलेली वाक्ये थोडी व ठरावीक आहेत. ती शिक्षकाने आधी घरी मोठ्याने म्हणावीत, आकाशवाणीवरील इंग्रजी बातम्यांतील वेळेची घोषणा लक्षपूर्वक ऐकावी आणि निःसंकोचपणे वर्गात जावे. शिक्षकाने वर्षभर रोज एकदा जरी इंग्रजीतून वेळ विचारली आणि रोज एकदा जरी मुलांकडून स्वतःला विचारवून घेतली, तरी वर्षाअखेरीस वर्गातील प्रत्येक मुलास अनोळखी माणसाला वेळ विचारण्याचे धैर्य येईल. खेड्यातील मुलास इंग्रजीचा पहिला खरा उपयोग कदाचित याच प्रश्नाने घडणार आहे. तो प्रश्न त्याच्या ओठी तयार असावा.